खंयसून, आणि किती?

परबसरांना कुणी काहीही सांगितलं की ते आपल्या मालवणीत दोनच प्रश्न विचारायचे, कुठपासून आणि किती. "खंयसून? आणि किती?" वॉचमन म्हणाला पाइप फुटलाय, तरी हेच. रजा मागितली, तरी हेच. एकदा त्यांच्या बायकोनं सांगितलं म्हणे, की मला तुमचा कंटाळा आलाय. सरांनी तिलाही दोन्ही प्रश्न विचारले. "तेव्हापासून ती कायच सांगत नाय," असं ते आम्हाला अगदी समाधानानं सांगायचे.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवायची. सरांची साठी उलटलेली. शेठ त्यांना दरवर्षी एकेक वर्ष वाढवून द्यायचे. मी मुलुंडहून यायची, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. त्या साली माझं कायम झाल्याचं पत्र आणि सरांची वाढ, दोन्हीचा निकाल एकाच शनिवारी लागायचा होता.

आमचं काम बूटलोडरचं. बोर्डाला करंट दिला की हा छोटा प्रोग्राम सगळ्यात आधी जागा होतो. बोर्डावर काय काय आहे हे बिचाऱ्याला माहीत नसतं, ते एका यादीत लिहिलेलं असतं. यादी म्हणजे वंशावळच. कोण कुणाच्या पोटात, ते सांगणारी. मेमरीच्या नावापुढे आकडे असतात: ती कुठल्या पत्त्यापासून सुरू होते, आणि किती आहे. म्हणजे सरांचेच दोन प्रश्न. गोम एवढीच, की त्यातले पत्त्याचे आकडे किती आणि मापाचे किती, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते वर, तिच्या बापाच्या नावापुढे असतं. "पोराक इचारू नको, बापाशीक इचार," सर म्हणायचे. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

मग नवी चिप आली, आणि मी कुणालाच विचारलं नाही. आजवरच्या सगळ्या बोर्डांत पहिला आकडा पत्ता आणि दुसरा माप, म्हणून याही वेळी तसंच धरलं. नव्या चिपचा पत्ताच दोन आकड्यांचा होता, आणि त्यातला पहिला शून्य. माझ्या शहाण्या प्रोग्रामनं शून्यालाच पत्ता मानलं आणि पत्त्याचा उरलेला अर्धा तुकडा माप म्हणून वाचला. बोर्डावर मेमरी होती एक जीबी. पडद्यावर आलं, दोन जीबी.

कुणालाही शंका आली नाही. घरात जास्तीचं निघालं तर तक्रार कोण करतं? शेठनी विक्रोळीच्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगूनही टाकलं, की त्याच किमतीत डबल देतोय. मला पेढा मिळाला. फक्त तेवढा आकडा दाखवून बोर्ड जो गप्प व्हायचा तो पुढे हलायचाच नाही. ते तेवढं शनिवारच्या आत बघून घे, शेठ म्हणाले.

तीन दिवस मी सोल्डरिंगला शिव्या घातल्या, पॉवर सप्लाय बदलला. माझी वाट लागलेली सर शेजारच्या टेबलावरून बघत होते. शुक्रवारी दुपारी डबा धुऊन आले आणि म्हणाले, "मेमरी खंयसून?"

शून्यापासून, मी म्हटलं. किती? दोन जीबी.

सरांनी भिंग लावून मेमरीच्या चिपवरची बारीक अक्षरं वाचली. "हिच्यावर तर एकच लिवलाय. दुसरी तू घराकडसून आणलंस?" "बापाशीक इचारलंस?"

नव्हतं विचारलं. यादी उघडली. बापापुढे स्पष्ट लिहिलेलं होतं: पत्त्याचे दोन, मापाचे दोन. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. बोर्ड सुरळीत सुरू झाला. एक जीबी.

आता हे शेठना सांगायचं होतं. सर न बोलावता सोबत आले. शेठ सगळं ऐकून म्हणाले, पडद्यावर दोनच दिसू दे ना, कोण मोजायला येतंय? "लिफ्टीत माणसं चढतात, शेठ," सर म्हणाले. मग शेठनी विचारलं, चूक कुणाची. मी तोंड उघडलं, पण सर आधी बोलले.

"आकडे हिचे. पण ते वाचायचे कसे, ता हिला मी शिकवलंय. पोराक नाय इचारायचा, शेठ. माका इचारा."

शनिवारी मला पत्र मिळालं. सरांना वाढ मिळाली नाही. शेठ वाईट माणूस नव्हेत, पण डबल सांगून सिंगल देणं त्यांना फार लागलं होतं, आणि विचारायचं कुणाला ते सरांनीच सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी सर पिशवी भरत होते. मी आदल्या रात्रीपासून घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. "सर, मला फार वाईट वाटतंय."

"खंयसून?"

"शनिवारपासून."

"आणि किती?"

खूप, म्हटलं. खूप हा काही आकडा नव्हे, असं सर म्हणाले. मग पिशवीतलं भिंग काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "सावकाश मोज. घाई नाय."

सर गेल्या वर्षी वारले. माझं अजून मोजून झालेलं नाही.