जंतूचं स्वतःचं तेल

माझी वहिनी जंतूंपासून तेल काढते, असं मी आमच्या आत्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, मग ते डोक्याला कुणी लावायचं?" आता आत्यापुढे काय डोकं फोडणार! मलाही तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की दादानं लग्न करून आणलेली ही उंच, फटकळ बाई जीवरसायनशास्त्रज्ञ आहे, सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जाते आणि संध्याकाळी कपड्यांना आंबूस वास घेऊन परत येते. माझं शिवणकामाचं दुकान घराच्या तळमजल्यावर. येता-जाता ती तिथेच टेकायची. त्यामुळे तिचं सगळं शास्त्र मी मशीन चालवत, तोंडात टाचण्या धरून शिकले.

तिचे वडील गाड्या दुरुस्त करायचे. गॅरेजमागची जमीन सांडलेल्या तेलानं काळी झाली होती, तिथे गवताची काडी उगवायची नाही. सगळे म्हणायचे, मेली ती जमीन. ही म्हणाली, "एवढं तेल सांडलंय, म्हणजे कुणीतरी जेवत असणारच." कॉलेजात असताना तिथली चमचाभर माती तिनं उचलून नेली. तिच्यातून जो जंतू वेगळा काढला, तो तिला जन्माचा पुरला. घरात आम्ही त्याला 'जावईबापू' म्हणायचो, कारण बडदास्तच तशी. ऊब अमुकच हवी, साखर वेळेवर हवी, वर काचेच्या चंबूत सतत हलवत ठेवायचा.

"तो तेल साठवतो तरी कशाला?" मी एकदा विचारलं.

"साखर भरपूर द्यायची, पण नायट्रोजन तोडायचा. मग त्याला वाढता येत नाही. खाल्लेलं जाणार कुठे? चरबी होऊन अंगावर बसतं."

"म्हणजे माझंच की!"

"नाही हो वन्सं, तुमचा नायट्रोजन कुणी तोडलाय?" कौतुकात किंवा चेष्टेत असली की ती मला वन्सं म्हणते. हसले मी, पण लागलं बरं का.

कितीतरी वर्षं तिनं हेच केलं. जंतू वाढवायचा, वाळवायचा, त्यातलं तेल काढून तोलायचं. चंबूतल्या जंतूच्या वजनाचा पाचवा हिस्सा तेल निघायचं, कधी त्याहून थोडं कमी. तिच्या बरोबरीचे लोक चकचकीत विषय धरून पुढे गेले. हिला म्हणायचे, तेल हवं तर तेलबिया पेरा. ती फक्त म्हणायची, "थांबा की." मला बाई एवढा धीर नाही. एखादं गिऱ्हाईक दोनदा माप बदलायला आलं तरी माझं डोकं फिरतं.

शेवटी एकदाची वेळ आली. रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांना असलं तेल हवं होतं. चंबूऐवजी मोठ्या पोलादी टाकीत प्रयोग करून दाखवा, म्हणाले, जमलं तर पैसा घालतो. संस्थेच्या संचालकांनी वहिनीला बोलावून सांगितलं, की हे जमलं तर विभागप्रमुखाची खुर्ची तुमची. ती खुर्ची तिला हवी होती. उगाच साधेपणाचा आव तिनं कधी आणला नाही. "मला हवीय, आणि मी त्या लायकीची आहे," असं ती जेवणाच्या टेबलावर ठणकावून म्हणाली होती.

टाकी चालली. निकाल आला दुप्पट. पाचवा हिस्सा सोडा, जवळजवळ निम्मं वजन तेलाचं! संचालकांनी पेढे... छे, आख्खी पार्टी दिली. दादानं गावभर फोन फिरवले. आणि ही बया गप्प.

"अगं, काय झालं तरी काय?" मी विचारलं.

"त्याला मी ओळखते. घरात गरीब असलेलं पोर बाहेर जाऊन एका दिवसात श्रीमंत होऊन आलं, तर आई आधी विचारणार ना, कुठून आणलंस?"

दुसऱ्या दिवशी तिनं ते तेल एका यंत्रात घातलं. त्यात प्रत्येक चरबीची वेगळी रेघ उमटते. जंतूनं साखरेपासून स्वतः केलेल्या तेलात एक विशिष्ट चरबी असते, ती खायच्या तेलात नसल्यासारखीच. टाकीतल्या तेलात तिचं प्रमाण अगदी निम्म्यावर आलेलं. बाकीच्या रेघा हुबेहूब दुकानातल्या डब्यातल्या गोडेतेलाच्या.

आता टाकीत गोडेतेल आलं कुठून? तर टाकीत खालून हवा सोडतात, तिचा फेस होतो. फेस बसावा म्हणून वरून तेल घालायची रीतच आहे. टाकी चालवणारे काका रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेले. फेस आला की त्यांनी तेल सोडलं. आणि आमचे जावईबापू! आयत्या बिळावर नागोबा. साखरेपासून तेल करायचे कष्ट कशाला, वरून आयतं पडतंय तर गिळून अंगात भरून ठेवलं.

संचालकांनी तोड काढली. "काकांनी चुकून घातलं असं सांगू. चूक त्यांची. मालक पुन्हा संधी देतील, तुमच्या खुर्चीलाही धक्का नाही." काकांची नोकरी हंगामी. चूक त्यांच्या नावावर लागली की दुसऱ्या दिवशी घरी. ते माझ्या दुकानात आले, काही शिवायला न देता नुसते उभे राहिले. म्हणाले, "बाईंना एवढंच सांगा, मी सांगितलं तेवढंच केलं." मला संचालकांचा असा संताप आला, की हातातली कात्री घेऊन निघावंसं वाटलं.

मला काही सांगायची गरजच पडली नाही. बैठकीत मालकांसमोर वहिनी उभी राहिली. "फेस आला की तेल घाला, हे मीच लिहून दिलं होतं. काकांनी ते चोख केलं. हा जंतू मी तेलकट मातीतून उचललाय. तेल दिसलं की तो गिळणार, हे कळायला हवं होतं ते मला."

"मग त्याचं स्वतःचं किती?" मालकांनी विचारलं.

"पाचवा हिस्सा."

"मला परवडणार नाही," म्हणून मालक उठले. खुर्ची गेली तिच्या हाताखाली शिकलेल्या एका गोडबोल्याकडे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! मी घरी तिच्यावर तोंडसुख घेतलं. "कुणाचं नाव न घेता चूक झाली म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"नाव घेतलं नसतं, तर संशय काकांवरच गेला असता," ती म्हणाली. "वन्सं, खुर्ची गेली म्हणून मीही रडलेय. पण पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन."

टाकी मात्र तिनं भांडून आणखी एकदा मिळवली. या खेपेला तेलाचा थेंब नाही. हवा बेतानं सोडायची, फेस मोडायला आत फिरतं पातं. तो दिवस मी पाहिला, डबा द्यायला गेले होते. फेस पात्याला जुमानेना. वरच्या नळीतून भसाभस बाहेर, जमिनीवर, काकांच्या बुटांवर, माझ्या नव्या चपलांवर. "बाई, तेल?" काका ओरडले. "मेले तरी नाही!" ही ओरडली. दोघं बादल्या घेऊन पाणी उपसावं तसा फेस उपसत होती.

निकाल आला त्या संध्याकाळी ती दुकानात आली नाही, म्हणून मीच गेले. ती नि काका कागदावर वाकलेले. गोडबोले दारात उभे. त्यांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "पाचवा हिस्सा? एवढंच?"

"एवढंच," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता, की तिच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. "आता उद्या कुणीही, कुठेही टाकी लावू दे. एवढंच निघेल, आणि सगळं त्याचं स्वतःचं असेल."

गोडबोले निघून गेले. मला भर प्रयोगशाळेत रडू फुटलं. काका ओल्या हातांनीच खुर्ची पुढे सरकवायला लागले, तशी वहिनी म्हणाली, "त्यांना रडू द्या हो काका, आपण टाकी धुवायला घेऊ. उद्या परत लावायचीय."