हेल्मेटखालचे बड्स

कुस्तिया कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. इथे इंडोनेशियात, सुराबायाच्या स्टेशनामागे माझी भज्यांची गाडी आहे, आणि गाडीभोवती बाइक-टॅक्सीवाल्यांचा अड्डा. वीसेक पुरुष आणि ही एकटी बाई, सत्तेचाळीस वर्षांची. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, आता घरात बसून शिवण करा." हिनं दुसऱ्या दिवशी नवऱ्याची बाइक बाहेर काढली.

गिऱ्हाइकाचा फोन आला की पुरुष मोबाइल सरळ हेल्मेटमध्ये कानाशी कोंबतात. हिच्या हिजाबावरून तो घसरायचा. म्हणून तिनं कानात घालायचे बिनतारेचे बड्स घेतले. आता भर दुकानात हिजाब सोडून कान उघडा कसा करायचा? कापडावरूनच कानाला लावले, आवाज गोड लागला, घेऊन आली. चांगले महागाचे. नुसतं बोट टेकवलं की फोन घेता येतो, टेकवलं की ठेवता येतो, असं विकणाऱ्यानं तोंडभरून कौतुक केलं होतं.

तिथूनच नष्टचर्य सुरू झालं. आमच्याकडे बाईला इबू म्हणतात. गिऱ्हाईक म्हणायचं, "इबू, मी मागच्या गेटपाशी उभा..." की फोन बंद. परत लावला, परत बंद. तीन आठवड्यांत तीन तक्रारी गेल्या : 'चालक उद्धट आहे, बोलता बोलता तोंडावर फोन आपटते.' कंपनीनं तिचं खातं गोठवलं. खातं बंद म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे दिराच्या दारात उभं राहणं आलं. ते तिला मरणाहून वाईट.

अड्ड्यावरच्या सुगेंगला त्यातही चेष्टा सुचली. "इबू, कान जरा बाहेर काढा की! कोण बघतंय?"

"तू पँट जरा खाली करून चालव की," कुस्तिया म्हणाली. "कोण बघतंय?"

सुगेंग त्या दिवशी भजी न खाताच गेला.

बड्स बिघडलेत असं समजून ती मला घेऊन दुकानात गेली. दुकानदार म्हणतो कसा, "माल उत्तम आहे, इबू. तुम्हाला वापरता येत नसेल." माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. कुस्तियानं मात्र तिथेच हेल्मेट घातलं, पट्टा आवळला.

"नानिक, लाव फोन."

मी लावला. तिनं मान वळवली, फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हेल्मेट काढलं तेव्हा मात्र आमचं बोलणं नीट चाललं.

"अस्सं," ती म्हणाली. "हेल्मेटची गादी कापड दाबते, कापड बड्सला टेकतं, आणि या शहाण्याला वाटतं मी बोट लावलं. दुसरे दाखवा. घालून बघणार."

"कानात घालून बघायची पद्धत नाही, इबू."

"चप्पल घेताना पाय घालून बघते. कानात घालायचं ते डोळे मिटून घेऊ?"

गल्ल्यावरची मुलगीही हिजाबवाली. मालकाकडे न बघता तिनं दाखवायला ठेवलेले चार जोड उचलले आणि आम्हाला बायकांच्या नमाजाच्या खोलीत नेलं. तिथे कुस्तियानं कान मोकळे केले. एक जोड टोचला. एक हसताना गळून पडला. तिसरा इतका फुगीर की हेल्मेटखाली कान दुखायला लागला. चौथा चपटा, मऊ, आणि त्याला खरंखुरं बटण, जोर लावून दाबावं लागणारं. वर हिजाब, वर हेल्मेट घालून ती अर्धा तास जिने चढली-उतरली, आणि मी खालून फोनवर तिला शिव्या घातल्या. एकही तुटली नाही. किंमत पहिल्याच्या निम्मी.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत. बाटिकचा शर्ट घातलेल्या साहेबानं छापील कागद पुढे सरकवला : 'मी गिऱ्हाइकांशी उद्धटपणे वागले, मला पश्चात्ताप होतो.' खाली दहा हजार रुपियांचं, म्हणजे बशीभर भज्यांच्या किमतीचं, सरकारी तिकीट चिकटवलेलं. सही केली की आजच्या आज खातं चालू. आमच्याकडे हे असंच. शेजाऱ्याच्या बकरीनं रोपं खाल्ली तरी तिकीट लावून माफीनामा लिहायचा, सही ठोकायची आणि विसरून जायचं. मीही तिच्या कानाशी लागले, "कर गं सही, पोटाचं बघ." त्याची मला अजून लाज वाटते.

कुस्तियानं पिशवीतून जास्तीचा हिजाब काढला. "साहेब, हा घाला."

"काय?"

"कानात माझे जुने बड्स, वर हिजाब, वर हेल्मेट. मग सांगा कोण उद्धट."

मागे रांगेतल्या चालकांनी आरोळ्या ठोकल्या, "घाला साहेब, घाला!" लाजेकाजेस्तव त्यानं घातलं. मी फोन लावला. "हॅलो," म्हणून तो रांगेकडे वळला, आणि फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

मी ओरडले, "काय हो साहेब, बाईमाणसाच्या तोंडावर फोन आपटता?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबानं हेल्मेट उतरवलं. आवाज खाली आला होता. "इबू, तुमचं खरं आहे. पण सहीशिवाय खातं उघडत नाही. कागद कपाटात जाणार, कोण वाचायला बसलंय?"

"मी वाचलाय," कुस्तिया म्हणाली.

तिनं छापलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'मी कुणाचाही फोन तोडला नाही. माफी मागत नाही.' तिकिटावर आडवी सही ठोकली. "उघडायचं तर यावर उघडा."

आठ दिवस ती माझ्या गाडीवर पीठ कालवत होती. दिराचा निरोप आला, "आता तरी ये." ती पीठ कालवतच राहिली. नवव्या दिवशी दुपारी खातं उघडलं. कचेरीतून ना चिठ्ठी, ना शब्द. तिनं हात धुतले, नवे बड्स घातले, हेल्मेट चढवलं, आणि लगेच फोन वाजला.

"इबू, मी पुलाखाली आहे, दिसतंय का... हॅलो? हॅलो?"

"बोला, सावकाश बोला," कुस्तिया म्हणाली. "मी ऐकतेय."