देवदाराला लावलेली पेस्ट

एप्रिलातली खरडछाटणी ऐन भरात असताना द्राक्षबाग गड्यांवर टाकून कोणी मनालीला जातं का, असं भावाने तोंडावर विचारलं. तरी गेलो. मागच्या मे महिन्यात तिथेच गेलो, तेव्हा बायको, सुमन, सोबत होती. मनालीजवळच्या रोपवाटिकेतून तिने वीतभर देवदार आणला आणि घरी नळाजवळ कुंडीत लावला. जानेवारीत सुमन गेली. त्या रोपवाटिकेतल्या माळीबाबांना मला एक गोष्ट विचारायची होती.

मनमाडहून दिल्लीची गाडी आणि पुढे बस. बसचं तिकीट आधी काढा आणि मागची सीट घेऊ नका. वळणांवर पोटातलं सगळं वर येतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मीच बांधली होती. सवयीने दोघांची बांधली. मनालीपर्यंत पुरून उरली.

उतरल्यावर चौकाजवळच्या टपरीवर तूप घातलेला गरम सिड्डू, म्हणजे तिकडची सारण भरून वाफवलेली रोटी, जरूर खा. मी अर्धाच खाल्ला.

रोपवाटिकेत देवदारांच्या टोकांना कोवळे झुबके फुटले होते. माळीबाबांना सगळं सांगितलं. दिवाळीपासून आमचं रोप जसंच्या तसं होतं. दवाखान्यात सुमन रोज विचारायची, "कोंब आला का वो?"

आम्ही द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतो. झाड नुसतं बसून राहिलेलं आम्हाला बघवतच नाही. तिच्या डोळ्यांदेखत कोंब यावा म्हणून तीच पेस्ट मी देवदाराच्या टोकांना लावली. चार दिवसांत सुया करपल्या.

तिला मात्र सांगितलं, "आलाय. पोपटी हाय, करंगळीएवढा."

"बघा, मी म्हनलं नव्हतं?" ती लय खूश झाली.

माळीबाबांनी शेजारच्या देवदाराचा कोवळा झुबका बोटांत धरून मला दाखवला. मग म्हणाले, "मरा नहीं था साहब, सोया था."

दिवस लहान झाले की या झाडांत झोपवणारं संप्रेरक चढतं आणि वाढीचं उतरतं, हे त्यांनी समजावलं. पुरेशी थंडी खाल्ली की ते उलटतं आणि ऊब आली की झाड आपोआप फुटतं.

"नाशिक की ठंड में भी फुटता?" मी विचारलं.

"थोड़ा देर से. पर फूटता."

तिथेच वाफ्याच्या कडेला बसून मी रडलो. समोरचा कोंब पोपटी नव्हताच. निळसर होता, दाढीच्या ब्रशासारखा मऊ. मी तिला रंगसुद्धा चुकीचा सांगितला होता. बाबांनी नवं रोप देऊ केलं, ते मी घेतलं नाही.

घरी आलो तेव्हा छाटणी संपत आली होती. करपलेली कुंडी अजून नळाजवळच आहे. ती हलवायला हात उचलत नाही. मनालीला जाणाऱ्यांनी देवदाराचं रोप आणावं का, असं कोणी विचारलं तर म्हणेन, धीर असेल तरच आणा.

मला पेस्ट लावायची किंवा खोटं बोलायची गरजच नव्हती. "झोपलंय, उन्हाळ्यात फुटंल," एवढं म्हटलं असतं तरी ती हसली असती. ती वाचली नसतीच. पण आज नळाजवळ तिचं झाड फुटलेलं असतं.