तिबुर्सिओने समुद्र पुसला

तिबुर्सिओ हा माझा भिंतीपलीकडचा शेजारी. निवृत्त प्लंबर आणि हट्टाचा राजा. फिनिक्ससारख्या वाळवंटातल्या शहरात आम्हा बहुतेकांच्या अंगणात गवताऐवजी खडीच असते, पण त्याच्या खडीचा थाट वेगळा. दर शनिवारी सकाळी तो दाताळं फिरवतो आणि मग तेच उलटं धरून दातांचा एकूण एक ओरखडा पुसून काढतो. खडीत रेषा राहिल्या म्हणजे काम अर्धवट टाकून कोणीतरी जेवायला पळालं, असं त्याचं ठाम मत. माझ्या अंगणाकडे तो ज्या नजरेनं बघतो, ती मला पाठ आहे.

त्याची बायको ओब्दुलिया शहरातल्या जपानी बागेत पाहुण्यांना माहिती सांगणारी स्वयंसेविका व्हायला निघाली होती. चाचणीत दोनदा गडबडली. ऐन वेळी तोंडातून शब्दच फुटेना. तिसरी संधी शेवटची. म्हणून महिनाभर ती जेवणाच्या टेबलाशी उभी राहून नवऱ्यापुढे भाषण घोकत होती आणि नवरा खुर्चीत घोरत होता.

"चाळीस वर्षं झाली," ती भिंतीवरून मला सांगायची, "या माणसाच्या कानात माझं एक वाक्य शिरलेलं नाही. त्यापेक्षा फ्रिजशी बोललेलं बरं. उघडला की निदान दिवा तरी लागतो!"

चाचणीच्या दिवशी मीच दोघांना गाडीतून नेलं. बागेचे प्रमुख मिस्टर हिरोता, दहाबारा पाहुणे आणि सगळ्यांच्या पुढे ओब्दुलिया. तळ्यातल्या माशांपाशी ती छान बोलली. दगडी दिव्यापाशी तर लोक हसलेसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात लक्षात आलं, तिबुर्सिओ कुठे दिसत नाही.

वळण घेऊन आम्ही खडीच्या बागेशी आलो, तर स्वारी तिथेच. माळ्यानं भिंतीला टेकवून ठेवलेलं दाताळं उलटं धरून तो शेवटचा कोपरा सपाट करत होता. अख्खी खडी ताटासारखी गुळगुळीत झाली होती.

"कोणीतरी अर्धवट टाकून गेलं होतं," तो ऐटीत म्हणाला. "घे म्हातारे, तुझ्यासाठी चकाचक करून ठेवलं."

हिरोतांचा चेहरा पांढराफटक पडला. "ही खडी..." एवढं म्हणून ओब्दुलिया अडकली. दोनदा झालं तेच. मला तिच्याकडे बघवेना.

मग तिबुर्सिओच बोलायला लागला, पाढे म्हटल्यासारखा एका सुरात. "ही खडी म्हणजे समुद्र. हे तीन दगड म्हणजे बेटं. आणि दाताळ्यानं ओढलेल्या या रेषा म्हणजे..." तो थांबला. त्यानं खाली पाहिलं. "...लाटा. अरे देवा! हाच होय तो समुद्र?"

"तू तर घोरत होतास ना रे!" ओब्दुलिया किंचाळली.

"घोरताना कान बंद होतात का?"

लोक पोट धरून हसले. तीही हसली आणि डोळे पुसत पुढचं सगळं घडाघडा बोलली. समुद्र, बेटं, लाटा आणि लाटा पुसणारा नवरा, काही सोडलं नाही. तोवर इकडे माळ्याच्या देखरेखीखाली तिबुर्सिओ ओठ चावत नव्या लाटा ओढत होता. चांगल्याच वाकड्या आल्या.

शेवटी हिरोतांनी तिच्या हातात स्वयंसेविकेचा बिल्ला ठेवला. "एकच अट, ओब्दुलियाबाई. यापुढे नवऱ्याला घरीच ठेवायचं."

तिनं बिल्ला त्यांच्या हातात परत दिला.

"मग हा राहू द्या, साहेब. माझं अडलं तर पुढचं वाक्य सांगणार कोण?"

आता दर शुक्रवारी दोघंही जातात. दाताळं तेवढं कुलपात असतं.