पहिल्या रविवारची भाकर

आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. इथे नेरूळला आमच्या मंडळीला स्वतःचं चर्च नाही. एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळतो. स्टेजवरच्या स्नेहसंमेलनाच्या झालरी बाजूला करायच्या, खुर्च्या लावायच्या, पेटी-तबला मांडायचा, की झालं चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. पांढऱ्या कापडाखाली पावाचे तुकडे, ज्याला आम्ही भाकर म्हणतो, आणि बोटभर उंचीच्या पेल्यांत द्राक्षरस. ओळीने पुढे जायचं, सतरंजीवर गुडघे टेकायचे, घ्यायचं आणि उठायचं. मला लहानपणापासून त्यात विशेष काही वाटलेलं नाही. आई मात्र आदल्या दिवसापासून कमी बोलते.

त्या वर्षी पावसाळा संपला आणि आई पुढे जायची थांबली. रांग उठली की ती शेवटच्या ओळीत, दृढीकरणाचा विधी न झाल्यामुळे अजून प्रभुभोजन न मिळणाऱ्या पोरांच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन बसून राहायची. मंडळीत कुजबुज सुरू झाली. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. घरी ठीक होतं. वरच्या मजल्यावर नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळत होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरच्या काकू म्हणाल्या, की पाणी त्यांच्या बाथरूमचं नाही. आईने भर सभेत त्यांना खोटारडी म्हटलं. आई जन्मभर शिक्षिका होती, अख्खी बिल्डिंग तिला बाई म्हणते, आणि तिचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. काकू सभेतून उठून गेल्या. पुढे डक्टमधला सोसायटीचाच पाइप फुटलेला सापडला. तो बदलला आणि आमचं छत कोरडं झालं. काकू खरं बोलल्या होत्या.

दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही. नाताळात आईने शेजाऱ्यांसाठी करंज्या-चकल्यांची ताटं भरली, त्यात एक वरचंही भरलं. ते ओट्यावरच राहिलं आणि करंज्या शेवटी मीच संपवल्या. आमच्यात शिकवण अशी, की ज्याचं मन आपण दुखावलं त्याच्याशी आधी समेट करायचा, मग वेदीपाशी, म्हणजे प्रभुभोजनाला जायचं. मंडळीतले निम्मे लोक भावकीशी बोलत नाहीत आणि तरी खुशाल पुढे जाऊन भाकर घेतात, हे मी आईला ऐकवून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागेच बसली. वर जाऊन एक वाक्य बोलायचं, तेही तिला जमेना. जन्मभर पोरांना माफी मागायला लावली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा जीभ रेटेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मी तिच्या तोंडावर म्हणालेसुद्धा. मला तिचा राग यायचा. माग तरी, नाहीतर सोडून तरी दे, एवढंच माझं म्हणणं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. वय पाहता डॉक्टरांनी धोका लपवला नाही. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या संध्याकाळी आईने आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना घरी बोलावलं. प्रभुभोजन घेतल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायची तिची तयारी नव्हती. म्हणजे वरचा मजला आता टळणार नव्हता. ते मला कळत होतं आणि तिलाही.

पाळकसाहेब नावड्याहून स्कूटरवर आले. साधा माणूस, कंपनीतली नोकरी करून मंडळी सांभाळतो. त्यांनी आमचं जेवणाचं टेबल पुसलं, कापड अंथरलं, पाव मांडला आणि प्रार्थना सुरू केली. कोणाविषयी मनात काही असेल तर, इथवर ते आले आणि आई खुर्चीतून उठली.

“थांबा साहेब,” ती म्हणाली. “मला वर जाऊन यायचंय.”

साहेबांनी पाव झाकून ठेवला आणि आम्ही तिघं लिफ्टने वर गेलो. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे हात पिठाने भरलेले होते. आत टीव्ही चालू होता. आई चपलांच्या स्टँडला धरून उभी राहिली.

“वहिनी, त्या दिवशी सभेत मी तुम्हाला खोटारडी म्हणाले. तुम्ही खरं बोलत होतात. माझं चुकलं. मला माफ करा.”

मला वाटलं, काकू आता म्हणतील, जाऊ द्या हो बाई, एवढं काय. अशा वेळी सगळे तेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी आईला हॉस्पिटलमध्ये न्यायचंय हे त्यांना ठाऊक होतं, बिल्डिंगमध्ये असली बातमी लपत नाही. काकूंनी पदराला हात पुसले.

“बाई, तुमी आलात ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पन माफ केलं म्हटलं तर ते तोंडदेखलं होईल. चार मानसांत बोललात तुमी. मला अजून लागतं. खोटं कशाला बोलू?”

पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मला काकूंचा संताप आला. आजारी माणसाला एक शब्द देता येऊ नये? आईचा चेहरा मात्र कित्येक महिन्यांनी सैल झाला होता. तुमचं बरोबर आहे, असं म्हणून तिने लिफ्टचं बटण दाबलं.

खाली आल्यावर पाळकसाहेब चाचरत म्हणाले, की समेट तसा पुरता झालेला नाही. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

“साहेब, मी वाचेन की नाही याचा भरवसा नाही, तरी ती बाई मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलली नाही,” आई म्हणाली. “आणि तिला मी काय म्हणाले होते, बघा. मागायचं ते मी मागितलं. द्यायचं ते ती तिच्या सवडीने देईल. तुम्ही द्या आता.”

त्यांनी थोडा विचार केला आणि कापड काढलं. आईने तुकडा तळहातावर घेतला, जरा वेळ बघितला आणि खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही घेतलं. मला तेव्हाही विशेष काही वाटलं नाही, पण तिच्याकडे बघून बरं वाटलं.

सकाळी निघालो तेव्हा काकू लिफ्टचं दार धरून उभ्या होत्या. त्यांनी आईच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खाली गाडीपर्यंत आणून दिली. परत या, माझं बोलणं अजून बाकी आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

आई परत आली. आता पहिल्या रविवारी ती रांगेत सगळ्यांच्या पुढे असते. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून उभ्यानेच घेते. काकू अधूनमधून संध्याकाळी खाली येऊन बसतात. परवा चहा पिताना आईने त्यांना विचारलं, झालं का माफ करून.

“अजून नाय,” काकू म्हणाल्या. आईने हसून त्यांचा कप पुन्हा भरला.