सासऱ्यांचं खाकरणं

पलूसकडच्या आमच्या गावात सासरा घरात शिरताना दारातच खाकरतो. सुनांना पदर सावरायला सवड मिळावी म्हणून. माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं खाकरणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. रीत मायेची. पण लग्न होऊन मी जतहून आले, त्या पहिल्याच संध्याकाळी ते खाकरले आणि माझ्या हातातलं ताट पडलं. मी मागच्या दारानं थेट गोठ्यात जाऊन उभी राहिले.

माझे वडील पिऊन यायचे. मारायच्या आधी दारात असंच खाकरायचे. तेवढ्या वेळात मी ज्वारीच्या कणगीमागे शिरायचे.

हे सासरी कुणाला सांगणार? मी रोज गोठ्यात पळत राहिले. कुणाशी बोलण्याआधी त्याच्या कपाळाच्या आठ्या बघायचे, मग गप्पच बसायचे. सासूबाईंनी मला घुमी ठरवून टाकलं. त्यात मला दिवस गेले, आणि एकच धास्ती बसली: माझी ही भीती बाळाला लागली तर?

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंसमोर एकदाची बोलून गेले. सासूबाई शेजारीच होत्या. बाई म्हणाल्या, "लहानपणी मेंदू घडत असतो. तेव्हा रोज भीतीच वाट्याला आली, तर तो आधी धोका ओळखायला शिकतो. माणसांवर विश्वास टाकायचं मागं पडतं. पण तेही शिकता येतं, माणसं तशी भेटली तर."

त्या संध्याकाळी खाकरणं ऐकू आलंच नाही. फाटकातून सासऱ्यांची हाक आली, "पोरी, मी आलोय गं." शेळीला गोंजारावं तसा आवाज काढला होता. "आवं, लाड जरा बेतानं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. पुढची चार-पाच वर्षं ती हाक चुकली नाही.

परवा त्यांना सर्दी झाली होती. दारात येताच खोकल्याची उबळ आली. भाकरी तव्यावर तशीच सोडून मी मागच्या दाराकडे वळले. माझी लेक मात्र खेळ टाकून दाराकडे धावली.

"आज्जा, तुला लय खोकला झालाय व्हय?"

तिला भीती लागली नव्हती. माझे डोळे भरून आले.

सासरे तोंडावर हात दाबून उभे होते. "चुकलं पोरी. आवरला न्हाई."

मी तांब्यात गरम पाणी घेतलं आणि पुढच्या दारात गेले.

"खोका आबा," मी म्हणाले. "मी हितंच हाय."