आटे जुळवणारी अंजना

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत अंजना सुर्वे सेटर होती. मशीनमध्ये कोणतं हत्यार कुठं बसवायचं, त्यानं धातू किती खोल कापायचा, हे सगळं ठरवून कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्या मशीनला आकड्यांत समजावणारा माणूस म्हणजे सेटर. त्या खात्यात बाई ती एकटीच. नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी तिला पॅकिंगवाली समजायची. दुसऱ्या दिवसापासून 'मॅडम, जरा बघा ना' सुरू व्हायचं.

हे तिच्याकडे आलं वडिलांकडून. नाथा सुर्वे ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. लेथवर फिरत्या धातूला हत्यार लावून त्याला हवा तो आकार द्यायचा, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. दहावीनंतर अंजना म्हणाली, "मला आयटीआयला टर्नरलाच जायचंय," तेव्हा तिची आई इंदुबाई कपाळावर हात मारून म्हणाली होती, "अगं, लेथवर उभी राहणारी सून कोण करून घेईल?" नाथांनी चहाचा कप खाली ठेवला. "इंदू, लोखंडाला बाई-बुवा कळत नाही. त्याला हात कळतो." विषय तिथंच मिटला.

आयटीआय झाल्यावर मुलगी म्हणून तिला कुणी उभं करेना. तिला घेतलं ते उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या खुबचंद शेठनी. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. आजूबाजूच्या जीन्सच्या कारखान्यांतल्या शिलाई मशीनचे मोडलेले भाग तिथं नव्यानं बनायचे. वर्कशॉपच्या मधोमध एक भलाथोरला जुना लेथ होता, इंग्रजी बनावटीचा. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी पडली, तेव्हा गाड्या दुरुस्त करायला तो आला होता. युद्ध संपलं, सोल्जर गेले, आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं येऊन राहिली. खुबचंद शेठच्या वडिलांनी तो लेथ भंगाराच्या लिलावात उचलला आणि त्याच्यावर संसार उभा केला. अंजना त्याच लेथवर घडली. पुढं एमआयडीसीत नोकरी लागली, तरी दिवाळीला ती शेठकडे मिठाई घेऊन जायची आणि जाता जाता लेथवरून एकदा हात फिरवायची.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. कंपनीतले बरेच जण आजारी पडले, मालकांनी शटर ओढलं. अंजना घरी होती, ऐंशीला टेकलेल्या वडिलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. अशातच एका सकाळी डॉक्टर तेजस्वीचा फोन आला. तेजस्वी बदलापूरला एक छोटं हॉस्पिटल चालवायची. इंदुबाईंच्या गुडघ्यांवर तिचेच उपचार चालू होते.

"अंजनाताई, तुम्ही ते आटे-बिटे पाडता ना?"

"हो. काय झालं?"

"परदेशातून मदत म्हणून ऑक्सिजनचे रेग्युलेटर आलेत. खोकी भरून. सिलिंडर पण आहेत माझ्याकडे. पण एकमेकांना बसतच नाहीयेत हो! आमचे जुने रेग्युलेटर पुरत नाहीयेत. पेशंट वेटिंगवर आहेत."

अंजना स्कूटर काढून बदलापूरला गेली. तेजस्वीनं दारातच एक रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसून ऑक्सिजनचा दाब आवरणारा नळ, तिच्या हातात दिला. बाटलीच्या झाकणाला आतून वळ्या असतात, तसे आटे त्याच्या नटला होते. अंजनानं आटे मोजायची दातेरी पट्टी, गेज, त्यांच्यावर लावून पाहिला, मग सिलिंडरच्या तोंडाशी लावला, आणि तिला सगळं उमगलं.

"डॉक्टर, यात कुणाचीच चूक नाही. आपला सिलिंडर इंग्रजी पद्धतीचा आहे, हा रेग्युलेटर अमेरिकेचा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी दोन्ही देशांनी आपापले आटे ठरवले. एकाच्या आट्यांच्या खाचेचा कोन पंचावन्न अंशांचा, दुसऱ्याचा साठ. ते अजून जुळलेले नाहीत."

तेजस्वीनं रेग्युलेटर परत हातात घेऊन उलटसुलट केला. "म्हणजे कुणीतरी तेव्हा काहीतरी ठरवलं, म्हणून माझ्या पेशंटला आज श्वास मिळत नाहीये?"

"मिळेल. मधे एक जोड लागेल, पितळेचा. इकडून इंग्रजी, तिकडून अमेरिकन."

लॉकडाऊनमध्ये वाटेत पोलिसांनी अडवलं तर दाखवायला तेजस्वीनं पत्र दिलं. कंपनीच्या मालकांचा फोन बंद होता. तेव्हा अंजनानं खुबचंद शेठना फोन लावला. शेठ वर्कशॉपच्या वरच राहायचे. त्यांनी काही न विचारता कुलूप उघडून दिलं आणि मास्क लावून लांब जिन्यावर बसले.

"मशीन बंद पडून आहे, बेटा. चलेगी क्या?"

"चालेल शेठ. न चालून सांगते कुणाला?"

लेथ चालला. पण आटे पाडायचे तर आतली दातेरी चाकं बदलून विशिष्ट जोडीनं लावावी लागतात, आणि ती जोडी सांगणारा पत्रा गंजून पुसून गेला होता. अंजनाला सवय आता कॉम्प्युटरची. आकडा टाकला की मशीन स्वतः हिशोब करतं. तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चाकांसमोर धरला.

"बाबा, दिसतंय का?"

नाथांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग पुन्हा खाली घेतला. "मोबाईल हलवू नको गं... हां. ते मधलं काढ. त्याच्या जागी लहान लाव. आता आधी पितळ कापू नको, नुसती रेघ ओढून बघ. इंचाला किती आटे येतात ते मोज."

तिनं रेघ ओढली, गेज लावला. बरोबर बसला. जिन्यावरून शेठ ओरडले, "लोग हसतात ना आमच्यावर, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आज देखना साईं, त्यांचं यूएसए आणि आपलं यूएसए जुळणार!" फोनमधून नाथांचं हसू ऐकू आलं, आणि हसता हसता ते खोकले, तशी अंजना दचकली. "काही नाही गं, ठसका लागला. हात थांबवू नको," ते म्हणाले.

दुपारपर्यंत पहिला जोड झाला. ऑक्सिजनजवळ तेलाचा थेंबही चालत नाही, भडका उडतो. म्हणून तिनं तेल न वापरताच पितळ कापलं होतं. तरीही तिनं जोड साबणाच्या गरम पाण्यात घासून, स्पिरिटनं पुसून कोरडा केला आणि एमआयडीसीतल्या गॅस भरण्याच्या प्लांटवर नेला. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी भिंतीआडून दाब सोडला. साबणाचं पाणी लावलेल्या जागी बुडबुडे आले. गळत होता.

अंजनाचा चेहरा पडला. अधिकारी म्हणाले, "आटे छान झालेत. आतली बैठक, जिथं दोन तोंडं एकमेकांना टेकतात ती, नीट बसत नाहीये." त्यांनी स्वतः खडूनं फरशीवर आकृती काढून दाखवली. अंजना पुन्हा कॅम्प दोनला आली. या वेळी तिनं घाई केली नाही. बैठकीचा उतार अगदी हलक्या हातानं घेतला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घेतला. दुसरा जोड प्लांटवर लागला तेव्हा अधिकाऱ्यांनी दाबाचा काटा वर वर नेला, पार वरपर्यंत नेला. पाणी तसंच चकाकत राहिलं. एकही बुडबुडा नाही.

संध्याकाळी तेजस्वीनं तो जोड सिलिंडरला लावून अमेरिकन रेग्युलेटर त्यावर फिरवला. तो सरळ, न अडखळता बसला. खाटेवर सोनिवलीच्या गंगू म्हात्रे होत्या. श्वासासाठी तोंड उघडं, बोटं चादरीत रुतलेली. थोड्या वेळानं मॉनिटरवरचा आकडा सावकाश चढायला लागला. दाराच्या काचेतून अंजना बघत होती. तिनं आयुष्यात हजारो नग कापले होते. ते कुठं जातात, कुठल्या मशीनच्या पोटात बसतात, हे तिला कधी दिसलं नव्हतं. आज दिसलं. तिनं मान ताठ केली आणि स्वतःच्या पितळेनं काळवंडलेल्या हातांकडे पाहिलं. किती दिवसांनी ते हात तिला इतके आवडले!

रात्रीत मालकांचा फोन लागला. सकाळी ते स्वतः कंपनीची किल्ली घेऊन उभे होते. हातानं बनवलेल्या जोडाचं माप अंजनानं कॉम्प्युटरला दिलं, आणि मशीन भराभर तसेच जोड कापू लागलं. प्रत्येक नग प्लांटवर तपासूनच बाहेर पडत होता. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, जिथून मागणी आली तिथं ते गेले. गंगूबाई स्वतःच्या पायांनी चालत घरी गेल्या.

गेल्या वर्षी आयटीआयनं अंजनाला शिकवायला बोलावलं. टर्नरच्या वर्गात आता मुलींचं एक टोळकं आहे. पहिल्या तासाला तिनं दोन नट टेबलावर ठेवले, एक इंग्रजी, एक अमेरिकन, आणि म्हणाली, "या दोन्हींचे आटे माझ्या आजोबांच्याही आधी ठरलेले आहेत. मशीन कितीही नवीन येऊ द्या, काम यांच्याशीच पडणार. चला, गेज उचला."